बक्षीस, बुटीबोरी आणि स्पॅमचा हिशेब

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत किंवा बुटीबोरीत छोटा कारखाना चालवणाऱ्या कुणालाही विचारा, स्पॅमबद्दलची त्याची तक्रार लॉटरीच्या मेलबद्दल नसते. ते मेल येतात, तो पुसून टाकतो, विषय संपतो. त्याचं दुखणं वेगळं असतं. "पार्टी म्हणते ऑर्डर पाठवली, अन् माझ्याकडे तर काहीच नाही. काहून?" मग शोधाशोध होते आणि ऑर्डर स्पॅमच्या फोल्डरात सापडते, तीही वेळेत शोधली तर. जीमेल स्पॅममधले मेल ३० दिवसांनी कायमचे पुसतं.

म्हणजे स्पॅम वेगळा काढणाऱ्या फिल्टरच्या हातून दोन तऱ्हेच्या चुका होतात. नको असलेला मेल इनबॉक्समध्ये शिरतो, ही पहिली. हवा असलेला मेल स्पॅममध्ये जातो, ही दुसरी. पहिलीचा त्रास दोन सेकंदांचा. दुसरीचा त्रास एखाद्या महिन्याच्या धंद्याएवढा असू शकतो. स्पॅम फिल्टरबद्दल बोलताना बहुतेक जण पहिल्या चुकीबद्दलच बोलतात. हा लेख मुख्यतः दुसरीबद्दल आहे, आणि ती कमी करायला मोजणीचं गणित कसं उपयोगी पडतं याबद्दल.

आधी लोक नियम लिहीत. विषयात "फ्री" असेल तर स्पॅम, उद्गारचिन्हांची रांग असेल तर स्पॅम, "लोन" असेल तर स्पॅम. कागदावर हे छान दिसतं. पण धरमपेठेत बँकांसाठी कर्जाच्या फायली जमवणाऱ्या एखाद्या एजन्सीला हा नियम लावून बघा. त्यांच्या दिवसभराच्या कामाच्या मेलमध्ये "लोन" हा शब्द नसेल तरच नवल. तोच शब्द कळमन्याच्या संत्रा व्यापाऱ्याच्या मेलमध्ये आला तर तो बहुतेक वेळा फसवाच असतो. शब्द एकच, पण एका पेटीत तो घरचा आणि दुसऱ्या पेटीत परका. सगळ्यांसाठी एकच नियम लिहिणारा माणूस इथेच अडकतो.

मोजणीची पद्धत नियम लिहीतच नाही. ती तुमच्या जुन्या मेलचे दोन ढीग मागते, एक स्पॅमचा आणि एक चांगल्या मेलचा. कोणता शब्द कोणत्या ढिगात किती वेळा आला, एवढंच ती मोजते. त्यामागचं सूत्र थॉमस बेझ या इंग्लिश धर्मोपदेशकाच्या नावाने ओळखलं जातं. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली छापला गेला. हे गणित टपालाच्या कचऱ्याला लावायची कल्पना १९९८च्या सुमारास शोधनिबंधांतून पुढे आली. ती सर्वसामान्य प्रोग्रामरपर्यंत पोचवली पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरच्या ऑगस्ट २००२मधल्या एका लेखाने. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात असे फिल्टर भराभर तयार झाले.

एक मेल, चार शब्द

आकडे सोपे राहावेत म्हणून एक काल्पनिक मेलपेटी घेऊ. हिंगण्यातल्या एका पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्याची. पेटीत १००० जुने मेल आहेत, ४०० स्पॅम आणि ६०० चांगले. आता एक नवा मेल येतो: "कृपया यावे. बुटीबोरीच्या कारखान्यात स्नेहसंमेलन आहे, डिस्पॅच विभागाला बक्षीस दिले जाणार आहे." पाठवणारा आहे नेहमीचा ग्राहक. माणूस एका नजरेत ओळखेल. फिल्टरला मात्र ग्राहक, संमेलन, डिस्पॅच यातलं काही म्हणजे काही कळत नाही. त्याच्याकडे फक्त मोजलेले आकडे आहेत.

मेल उघडण्याआधीच फिल्टरचा एक अंदाज असतो. पेटीत ४०० स्पॅम आणि ६०० चांगले, म्हणजे पारडं स्पॅमकडे २ आणि चांगल्याकडे ३ असं आहे.

"बक्षीस" हा शब्द ४०० स्पॅमपैकी १०० मेलमध्ये होता, म्हणजे २५ टक्के. ६०० चांगल्यांपैकी फक्त ३ मेलमध्ये, म्हणजे अर्धा टक्का. पंचवीस भागिले अर्धा, म्हणजे ५०. हा शब्द दिसला की स्पॅमची बाजू ५० पटींनी जड होते. पारडं झालं १०० विरुद्ध ३. याची शक्यता काढली तर ती १०३ पैकी १००, म्हणजे ९७ टक्के येते. नुसत्या या शब्दावर थांबलो तर आमंत्रण गेलं स्पॅममध्ये, आणि कारखान्याचा मालक ग्राहकाच्या कार्यक्रमाला गैरहजर.

पण फिल्टर थांबत नाही. "बुटीबोरी" हा शब्द ६०० चांगल्या मेलपैकी ६० मध्ये होता, म्हणजे १० टक्के, आणि ४०० स्पॅमपैकी एकाच मेलमध्ये, म्हणजे पाव टक्का. इथे चांगल्याची बाजू ४० पटींनी जड होते. ३ गुणिले ४०, झाले १२०. आता पारडं १०० विरुद्ध १२०. स्पॅमची शक्यता ९७ टक्क्यांवरून घसरून सुमारे ४५ टक्क्यांवर आली.

"डिस्पॅच" हा शब्द चांगल्यात १० टक्के आणि स्पॅममध्ये १ टक्का. आणखी १० पट. १०० विरुद्ध १२००, म्हणजे शक्यता आठ टक्क्यांच्याही खाली. "कृपया" हा शब्द दोन्ही ढिगांत २० टक्के मेलमध्ये आहे. त्याने पारडं कुठेच हलत नाही. मेल इनबॉक्समध्ये जातो.

या हिशेबात बारकाईने बघण्यासारखी गोष्ट ही की मेलला वाचवलं ते "बुटीबोरी" आणि "डिस्पॅच" या साध्यासुध्या शब्दांनी. स्पॅम ओळखणारे शब्द बहुतेक ठिकाणी सारखेच असतात, ते कुणीही जमवू शकतं. चांगला मेल ओळखणारे शब्द मात्र तुमच्या धंद्याचे, तुमच्या गावाचे आणि तुमच्या माणसांचे असतात. ते तुमच्याच पेटीतून मोजावे लागतात. म्हणून चुकून स्पॅममध्ये जाणारे मेल कमी करायचे असतील, तर स्पॅमच्या ढिगापेक्षा चांगल्या मेलचा ढीग नीट असणं जास्त महत्त्वाचं. लोक नेमकं उलट करतात. स्पॅम दिसला की हौसेने बटण दाबतात आणि चांगल्या मेलबद्दल फिल्टरला काहीच सांगत नाहीत.

थंडरबर्डसारख्या मेल प्रोग्राममध्ये हे फार ठळक दिसतं. त्यातला जंक फिल्टर याच गणितावर चालतो, आणि त्याला "हे जंक आहे" यासोबत "हे जंक नाही" असे नमुनेही दाखवावे लागतात. सर्व्हरवर चालणारं स्पॅमअसॅसिन हे फिल्टर सॉफ्टवेअर तर मूळ सेटिंगमध्ये २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकल्याशिवाय ही मोजणी वापरतच नाही. दोन्ही २००. मला हा दंडक आवडतो. एकच बाजू ऐकून निकाल द्यायचा नाही, असं यंत्रालाच बजावून ठेवलं आहे.

शून्याची भानगड

या गणितात एक फट आहे, आणि ती बुजवली नाही तर हवे ते मेल बिनदिक्कत स्पॅममध्ये जातात. समजा एखादा शब्द आजवर एकदाच दिसला, तोही स्पॅममध्ये. चांगल्या ढिगात त्याची संख्या शून्य. मग सरळ हिशेबाने तो शब्द १०० टक्के स्पॅमचा ठरतो. शून्याने गुणलं की बाकी सगळ्या शब्दांची साक्ष मातीत. "बुटीबोरी" शंभरदा आला तरी उपयोग नाही.

इतवारीतला जुना व्यापारी एका व्यवहारावरून कुणाला चांगलं किंवा वाईट ठरवत नाही. दहा व्यवहार झाले की मत बनवतो, शंभर झाले की ठाम होतो. फिल्टरलाही हेच शिकवावं लागतं. गॅरी रॉबिन्सन या सॉफ्टवेअर तज्ज्ञाने यासाठी सुचवलेलं सूत्र अगदी सुटसुटीत आहे: प्रत्येक शब्दाच्या खात्यात आधीच एक काल्पनिक, तटस्थ नोंद टाकून ठेवायची. त्या नोंदीचं वजन एक आणि मत ५० टक्के. आता एकदाच, तेही स्पॅममध्ये दिसलेला शब्द १०० टक्के न ठरता ७५ टक्के ठरतो. दहा वेळा फक्त स्पॅममध्येच दिसला तर सुमारे ९५ टक्के. शंभर वेळा दिसला तर साडेनव्व्याण्णव. पुरावा वाढेल तसं मत पक्कं होतं, आणि शंभर टक्के ते कधीच होत नाही.

ग्रॅहम यांनी आपल्या फिल्टरमध्ये याहून रोखठोक उपाय केला होता. पाचपेक्षा कमी वेळा दिसलेले शब्द मोजायचेच नाहीत. पूर्वी कधीच न दिसलेल्या शब्दाला ०.४, म्हणजे स्पॅमची ४० टक्के शक्यता द्यायची; थोडा चांगल्याकडे झुकता संशयाचा फायदा. आणि चांगल्या ढिगातली प्रत्येक संख्या दुप्पट धरायची. ही दुप्पट कुठल्या प्रमेयातून आलेली नाही. हवा असलेला मेल हरवू नये म्हणून मुद्दाम केलेला तो पक्षपात आहे. मेलमधले सगळे शब्दही ते घेत नसत. ज्यांचं मत सगळ्यात टोकाचं, असे पंधराच निवडत. त्यांच्या मोजणीत आणखी एक गंमत सापडली होती: भडक लाल रंगासाठी वापरला जाणारा एचटीएमएल (मेलची सजावट ठरवणाऱ्या भाषेतला) कोड हा अश्लील शब्दांइतकाच पक्का स्पॅमचा पुरावा ठरत होता. नियम लिहायला बसलेल्या माणसाला हे सुचलं असतं का, शंका आहे.

या पद्धतीला "भोळी" म्हणतात, आणि ते नाव उगाच नाही. ती प्रत्येक शब्दाला स्वतंत्र साक्षीदार मानते. प्रत्यक्षात "क्रेडिट" आला की मागोमाग "कार्ड" येतोच. साक्ष एकच, पण ती दोनदा मोजली जाते. परिणामी उत्तर टोकाला जातं, फिल्टर ९९.९९ टक्के म्हणतो तेव्हा खरी खात्री तेवढी नसते. रॉबिन्सन यांची पुढची सुधारणा याच दुखण्यावर होती. त्यांनी स्पॅमचा पुरावा आणि चांगलेपणाचा पुरावा वेगवेगळा जमवायला सांगितला. दोन्ही पुरावे तगडे निघाले किंवा दोन्ही लंगडे निघाले, तर फिल्टरने "मला नक्की सांगता येत नाही" असं म्हणायचं. स्पॅमबेझ नावाच्या प्रोग्रामने अशी तिसरी पेटीच ठेवली. स्पॅमच्या ढिगाऱ्यात बुडालेली ऑर्डर शोधण्यापेक्षा दहा-बारा संशयित मेल डोळ्याखालून घालणं कितीतरी सोपं. आजच्या लोकप्रिय मेलसेवांमध्ये असा मधला फोल्डर सहसा दिसत नाही, ही मला खरोखर खटकणारी गोष्ट आहे.

रेघ कुठे मारायची

शक्यता काढून झाली. आता किती टक्क्यांच्या पुढे मेल स्पॅममध्ये टाकायचा? ५० टक्के हे उत्तर सहज सुचतं, पण ते चुकीचं आहे. कारण दोन चुकांची किंमत सारखी नाही. एक हवा मेल हरवणं हे नऊ स्पॅम बघावे लागण्याइतकं महाग वाटत असेल, तर रेघ ९० टक्क्यांवर हवी. ९९ स्पॅमइतकं महाग वाटत असेल, तर ९९ टक्क्यांवर. ९९९ वाटत असेल, तर ९९.९ वर. १९९८च्या एका सुरुवातीच्या शोधनिबंधात स्टॅनफर्ड आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ९९.९ टक्क्यांचीच रेघ धरली होती. हा प्रश्न गणिताचा नाहीच. महाविद्यालयाच्या प्रवेश विभागाने, वकिलाने आणि फक्त जाहिरातींसाठी वेगळा मेल ठेवणाऱ्याने तीन वेगळी उत्तरं द्यावीत, हेच बरोबर.

"आमचा फिल्टर ९९ टक्के अचूक" ही जाहिरातही याच चष्म्यातून वाचावी. १००० मेलपैकी ९५० स्पॅम असतील आणि कुणी डोळे मिटून सगळंच स्पॅममध्ये ढकललं, तरी अचूकता ९५ टक्के भरते, हवा असलेला एकही मेल हाती न लागता. किंवा असं धरा की सगळे ९५० स्पॅम बरोबर पकडले आणि ५० चांगल्यांपैकी ५ चुकून स्पॅममध्ये गेले. एकूण अचूकता ९९.५ टक्के. पण तुमचा दर दहावा कामाचा मेल गायब. विचारायचं ते एवढंच: चांगल्या मेलपैकी किती टक्के स्पॅममध्ये गेले? गुगलने २०१५ साली जीमेलसाठी हाच आकडा वेगळा सांगितला होता, ०.०५ टक्क्यांपेक्षा कमी. तो जगभरातल्या मेलचा मिळून आहे. तुमच्या पेटीतला आकडा तुम्हीच मोजलेला बरा, आणि त्यासाठी आठवड्यातून एकदा स्पॅमचा फोल्डर वरपासून खालपर्यंत बघणं पुरतं.

स्पॅम पाठवणारेही हातावर हात धरून बसत नाहीत. शब्द मोडून-तोडून लिहायचे, मध्ये ठिपके घालायचे, हा त्यांचा पहिला डाव होता. तो त्यांच्यावरच उलटला, कारण असं मोडकं स्पेलिंग कुठलाही भला माणूस लिहीत नाही, त्यामुळे मूळ शब्दापेक्षा तेच जास्त पक्का पुरावा ठरलं. दुसरा डाव म्हणजे मजकूर चित्रातच घालायचा. तिसरा जरा हुशारीचा: मेलच्या शेवटी बातम्यांमधले, गोष्टींमधले निरुपद्रवी शब्द ओतायचे, म्हणजे पारडं चांगल्याकडे झुकेल. पण तुमच्या पेटीतले "बुटीबोरी" आणि "डिस्पॅच" त्यांना ठाऊक नसतात. शिवाय असा मेल स्पॅम म्हणून शिकवत राहिलं तर त्या ओतलेल्या शब्दांचं वजन आपोआप कमी होतं. कमी होता होता त्यातला एखादा शब्द तुमच्या खऱ्या मेलमध्येही येतो, तेव्हा मात्र नुकसान तुमचं. म्हणून चांगले नमुने देत राहणं थांबवता येत नाही.

नुकसान आपल्या हातूनही होतं. एखाद्या दुकानाची वर्गणी आपणच कधीतरी घेतलेली असते, कंटाळा येतो, आणि वर्गणी रद्द करायचे कष्ट नकोत म्हणून आपण "स्पॅम कळवा" दाबतो. फिल्टरच्या दृष्टीने "बिल", "पावती", "डिलिव्हरी" हे शब्द तेवढ्याने स्पॅमकडे सरकतात. पुढे खरं बिल अडकलं की दोष यंत्राला. कार्यालयात एकच पेटी पाच जण वापरत असतील, तर हा गोंधळ पाचपट.

मोठ्या कंपन्यांचे फिल्टर आता नुसत्या शब्दमोजणीवर चालत नाहीत. मेल ज्या पत्त्यावरून आल्याचं सांगतो तिथूनच आला का, हे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्यांनी पाहिलं जातं. दिवसाला ५००० हून जास्त मेल जीमेलला पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी फेब्रुवारी २०२४पासून सक्तीच्या आहेत. लहान कारखान्याला तेवढे मेल पाठवायचे नसतात. तरीही स्वतःच्या डोमेनवर (मेलपत्त्यातल्या @ नंतरच्या नावावर) या तपासण्यांच्या नोंदी नसतील, तर त्याची कोटेशनं समोरच्याच्या स्पॅममध्ये जाण्याची शक्यता वाढते. हे काम वेबसाइट करून देणाऱ्याकडून एकदाच करून घ्यावं लागतं.

मराठीत काय होतं

शब्द मोजायचे तर आधी शब्द वेगळे काढायला हवेत. इंग्रजीत दोन मोकळ्या जागांमधला तुकडा म्हणजे शब्द, यावर बहुतेक काम भागतं. मराठीत "बक्षीस", "बक्षिसाचे", "बक्षिसासाठी", "बक्षिसांच्या" हे फिल्टरसाठी चार अनोळखी शब्द. शंभर वेळांचा पुरावा चार खात्यांत फुटतो, प्रत्येक खातं अशक्त राहतं, आणि रॉबिन्सनच्या सूत्राप्रमाणे अशक्त खात्याचं मत मधोमध घुटमळतं. "बुटीबोरीच्या", "बुटीबोरीला", "बुटीबोरीहून" यांचंही तेच. वरच्या उदाहरणात मी मूळ शब्द धरून मोजलं ते सोयीसाठी. खऱ्या फिल्टरला प्रत्यय कापायला शिकवावं लागतं, किंवा पूर्ण शब्दांऐवजी चार-चार, पाच-पाच अक्षरांचे तुकडे मोजायला लावावे लागतात. दुसरा उपाय कमी डोक्याचा आणि जास्त खात्रीचा आहे.

त्यात लिपीच्या गमती आहेत. "कर्मचाऱ्यांना" यातला अर्धा ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर लिपी साठवण्याच्या आजच्या प्रमाण पद्धतीत, दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात खाली नुक्ता असलेला ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. मोजणाऱ्याला दोन वेगळे शब्द. नागपुरात तर मराठी आणि हिंदी एकाच कार्यालयात, कधी एकाच मेलमध्ये नांदतात. "नागपूर" आणि "नागपुर" ही दोन खाती होतात, आणि रोमन लिपीतलं तिसरं. ही फूट मात्र कधीकधी कामाची ठरते. तुमचे रायपूरकडचे ग्राहक हिंदीत लिहीत असतील, तर ऱ्हस्व "नागपुर" हाच त्यांच्या खरेपणाचा पुरावा होऊ शकतो.

सगळ्यात वाईट अवस्था होते ती कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या मजकुराची. काही कार्यालयं अजून तो मजकूर सरळ मेलमध्ये चिकटवतात. माणसाला फाँट असला तर तो मराठी दिसतो. फिल्टरला दिसतात रोमन अक्षरांचे, चिन्हांचे अर्थहीन पुंजके, आणि अशी निरर्थक अक्षरं स्पॅम पाठवणारेही वापरत आले आहेत. असे मेल ज्यांच्याकडून येतात त्यांचे पत्ते संपर्क यादीत घालावेत, पहिल्यांदा स्पॅममध्ये सापडला की "स्पॅम नाही" दाबावं, आणि जमल्यास पाठवणाऱ्या बाबूंना मजकूर युनिकोडमध्ये द्यायला सांगावं. शेवटचं सगळ्यात अवघड आहे.